जॉक स्टीन आणि फुटबॉल व्यवस्थापकाचा पेशा

ब्रिटिश फुटबॉलमध्ये ‘मॅनेजर’ म्हणजे व्यवस्थापक हे पद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागले, तेव्हा त्या पदावरील माणसाने खेळाडूंना खेळ शिकवावा अशी अपेक्षा क्वचितच केली जाई. पत्रव्यवहार सांभाळणे, हिशेब ठेवणे, खेळाडूंशी करार करणे आणि परगावच्या सामन्यांसाठी प्रवासाची व्यवस्था लावणे ही त्याची मुख्य कामे असल्यामुळे अनेक क्लबांत त्याला ‘सेक्रेटरी-मॅनेजर’ असे जोडनाव होते. खेळाडूंचा दमश्वास वाढवण्याचे काम ‘ट्रेनर’ नावाचा वेगळा माणूस पाही, आणि सामन्यात कोण खेळणार याचा निर्णय बहुधा संचालक मंडळाच्या हाती असे. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचे विली मेली १८९७ ते १९४० या काळात आणि त्याच शहरातील रेंजर्स क्लबचे बिल स्ट्रथ १९२० ते १९५४ या काळात या पदावर होते. दोघांचाही दरारा मोठा होता, परंतु तो शिस्तीचा, नीटनेटक्या पोशाखाचा आणि क्लबच्या प्रतिष्ठेचा दरारा होता. डावपेच शिकवणारा गुरू म्हणून त्यांची ख्याती नव्हती. (मेली यांच्याच कारकिर्दीत, १९३६ मध्ये, कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम हा खेळाडू सेल्टिकच्या दुय्यम संघाकडून अनवाणी पायांनी खेळला होता, ही गोष्ट भारतीय वाचकाने या क्लबाच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.)

हा पेशा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस वर्षांत मुळापासून पालटला, आणि तो पालटणाऱ्यांत तीन स्कॉटिश माणसे अग्रभागी होती: मँचेस्टर युनायटेडचे मॅट बझ्बी, लिव्हरपूलचे बिल शँक्ली आणि सेल्टिकचे जॉक स्टीन. तिघेही कोळशाच्या खाणींच्या मुलखात जन्मले आणि तिघांनीही तरुणपणी खाणीत काम केले. त्यांपैकी बझ्बी आणि शँक्ली यांची कीर्ती इंग्लंडमध्ये घडली व जगभर अधिक पसरली. परंतु व्यवस्थापकाच्या पेशातील स्थित्यंतर समजून घ्यायचे तर स्टीन यांची कारकीर्द अधिक उपयोगी ठरते, कारण एकाच क्लबात खेळाडू म्हणून त्यांनी जुनी पद्धत अनुभवली आणि पुढे व्यवस्थापक म्हणून तीच पद्धत मोडून काढली.

जॉन ऊर्फ जॉक स्टीन यांचा जन्म ५ ऑक्टोबर १९२२ रोजी लॅनार्कशर परगण्यातील हॅमिल्टन गावाला लागून असलेल्या बर्नबँक या खाणवस्तीत झाला. ग्लासगोच्या आग्नेयेकडील हा परगणा म्हणजे स्कॉटलंडच्या कोळसा आणि पोलाद उद्योगाचे केंद्र. मुलगा शाळेतून बाहेर पडला की खाणीत उतरणार हे तेथे जवळजवळ गृहीत होते, आणि त्या मार्गाला असलेल्या मोजक्या पर्यायांपैकी फुटबॉल हा एक होता. स्टीन काही काळ गालिच्यांच्या कारखान्यात काम करून खाणीत गेले आणि तेथे त्यांनी सुमारे अकरा वर्षे काढली. जमिनीखाली काम करणाऱ्या माणसाचा जीव शेजारच्या माणसाच्या सावधपणावर अवलंबून असतो, त्यामुळे खाणीत भेटलेल्या माणसांहून चांगली माणसे आपल्याला पुढे कधी भेटली नाहीत, अशा अर्थाचे उद्गार ते आयुष्यभर काढीत राहिले. हे स्मरणरंजन म्हणून बाजूला सारण्याजोगे नाही. एकट्याच्या कौशल्यापेक्षा परस्परांवरील भरवशाला महत्त्व देणारी जी संघरचना त्यांनी पुढे उभी केली, तिची मुळे या अनुभवात आहेत असे मानायला सबळ आधार आहे.

ब्लँटायर व्हिक्टोरिया या स्थानिक हौशी-निमव्यावसायिक संघातून ते १९४२ मध्ये कोटब्रिज गावच्या अल्बियन रोव्हर्स या लहान क्लबात दाखल झाले. युद्धकाळात कोळसा हा लढाईचाच भाग असल्यामुळे खाणकामगारांना सैन्यभरतीतून वगळण्यात आले होते. त्यामुळे आठवडाभर खाणीत काम आणि शनिवारी सामना असा त्यांचा क्रम अखंड चालू राहिला. ते बचावफळीच्या मध्यभागी खेळत. उंचीचा फायदा घेऊन डोक्याने चेंडू परतवणे आणि सहकाऱ्यांना योग्य जागी उभे करणे यांत त्यांचा हातखंडा होता, पण उजवा पाय कच्चा होता आणि चपळाईही बेताचीच होती. मोठ्या क्लबांचे लक्ष जावे असा हा खेळाडू नव्हता. १९५० मध्ये त्यांनी खाण सोडली ती वेल्समधील लानेली टाउन या, मुख्य साखळी स्पर्धेच्या बाहेरच्या क्लबाने पूर्णवेळ पगार देऊ केला म्हणून. पत्नी आणि लहान मुलगी मागे हॅमिल्टनला होत्या. पुढे त्याही वेल्सला गेल्या, परंतु हॅमिल्टनच्या बंद घरी चोऱ्या झाल्यामुळे कुटुंबाला परतण्याची ओढ लागली आणि एकोणतिसाव्या वर्षी, कोणत्याही मोठ्या विजयाची नोंद नावावर नसताना, स्टीन पुन्हा खाणीत उतरण्याच्या विचारात होते.

डिसेंबर १९५१ मध्ये सेल्टिकने त्यांना बोलावले ते मुख्यतः राखीव संघातील तरुणांना एका अनुभवी माणसाची सोबत असावी म्हणून. राखीव संघ म्हणजे पहिल्या संघात जागा न मिळालेल्या आणि अजून घडत असलेल्या खेळाडूंचा दुय्यम संघ. तेथील एक प्रशिक्षक जिमी ग्रिबन यांना स्टीन यांचे नाव आठवले, आणि पुढचे सारे त्या आठवणीतून घडले. पहिल्या संघातील बचावपटू एकामागून एक जायबंदी झाल्यामुळे स्टीन लगेचच मैदानात उतरले आणि जागा राखून राहिले. काही काळातच ते कर्णधार झाले. मे १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त इंग्लंड आणि स्कॉटलंडमधील आठ प्रमुख क्लबांची ‘कॉरोनेशन कप’ स्पर्धा ग्लासगोत भरली, तिच्यात सेल्टिकने आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड आणि हिबर्नियन यांना हरवले. पुढच्या हंगामात, १९५३-५४ मध्ये, स्कॉटिश साखळी स्पर्धा आणि स्कॉटिश चषक ही दोन्ही विजेतेपदे क्लबाने एकाच वर्षी मिळवली, जी १९१४ नंतर प्रथमच मिळत होती.

या यशाबद्दल क्लबाने खेळाडूंना १९५४ च्या विश्वचषकासाठी स्वित्झर्लंडला प्रेक्षक म्हणून नेले, आणि ही सहल स्टीन यांच्या शिक्षणातील निर्णायक घटना ठरली. त्या स्पर्धेत स्कॉटलंडला उरुग्वेने ७-० असे हरवले. दुसरीकडे हंगेरीचा संघ जागा बदलत, एकमेकांसाठी मोकळी जागा निर्माण करत खेळत होता, आणि मैदानावरील हालचाल आधी विचारपूर्वक आखता येते हे तो डोळ्यांसमोर सिद्ध करत होता. ही गोष्ट स्कॉटलंडला वर्मी लागायला हवी होती, कारण चेंडू घेऊन एकट्याने धावत सुटण्याऐवजी तो एकमेकांकडे देत पुढे सरकण्याची पद्धत १८७० च्या दशकात ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबानेच रूढ केली होती. परंतु त्या काळी सेल्टिकमध्ये डावपेचांची चर्चा होतच नसे. व्यवस्थापक जिमी मॅकग्रोरी हे अत्यंत सज्जन गृहस्थ आणि खेळाडू म्हणून गोलांचा विक्रम करणारे, पण संघ निवडत ते अध्यक्ष रॉबर्ट केली. स्टीन आणि काही सहकारी शहरातील एका उपाहारगृहात जेवणानंतर टेबलावरच्या मिठाच्या बाटल्या सरकवत बचाव आणि चढाईच्या मांडण्या करून पाहत, असे त्या काळच्या खेळाडूंनी नोंदवले आहे. प्रशिक्षणाची शाळा क्लबाबाहेर भरत होती.

ऑगस्ट १९५५ मध्ये रेंजर्सविरुद्धच्या सामन्यात स्टीन यांच्या घोट्याला गंभीर दुखापत झाली; तो पाय पुन्हा पूर्ववत झालाच नाही, आणि जानेवारी १९५७ मध्ये त्यांना खेळातून निवृत्त व्हावे लागले. चालण्यातील लंगडेपणा अखेरपर्यंत राहिला.

क्लबाने त्यांच्याकडे राखीव संघ सोपवला, आणि येथून त्यांच्या खऱ्या कारकिर्दीला प्रारंभ होतो. त्या काळी स्कॉटलंडमध्ये सराव म्हणजे मैदानाभोवती फेऱ्या मारणे. आठवडाभर चेंडू दिला नाही तर शनिवारी खेळाडू चेंडूसाठी भुकेला राहतो, असा एक विचित्र समज प्रचलित होता. स्टीन यांनी सरावात चेंडू आणला आणि ते स्वतः खेळाडूंबरोबर मैदानावर उतरले. बिली मॅकनील, जॉन क्लार्क, बॉबी मरडॉक ही लॅनार्कशरची मुले या काळात त्यांच्या नजरेखाली वाढली. मॅकनील आणि स्टीन संध्याकाळच्या सरावानंतर एकाच बसने घरी जात, आणि त्या प्रवासातही खेळाचीच चर्चा चाले. परंतु पहिल्या संघाचे व्यवस्थापकपद आपल्याला येथे मिळणार नाही, असे स्टीन यांना वाटू लागले होते, आणि त्यामागे धर्माचे कारण असावे असा त्यांचा समज होता.

हे कारण समजण्यासाठी ग्लासगोचा सामाजिक इतिहास पाहावा लागतो. एकोणिसाव्या शतकात दुष्काळ आणि दारिद्र्य यांमुळे आयर्लंडमधून लाखो कॅथलिक लोक स्कॉटलंडच्या पश्चिम भागात आले. तेथील समाज प्रामुख्याने प्रॉटेस्टंट होता, आणि नोकऱ्या, वस्त्या व शाळा यांत या दोन पंथांमधील दरी खोल होत गेली. १८८७ मध्ये ब्रदर वॉल्फ्रिड या कॅथलिक धर्मबंधूंच्या पुढाकाराने पूर्व ग्लासगोतील गरीब मुलांच्या जेवणाचा खर्च भागवण्यासाठी सेल्टिक क्लबाची स्थापना झाली. १८७२ मध्ये स्थापन झालेला रेंजर्स क्लब कालांतराने प्रॉटेस्टंटांचा मानला जाऊ लागला आणि त्याने अनेक दशके कॅथलिक खेळाडू घेण्याचे टाळले. सेल्टिकने खेळाडू निवडताना असा निर्बंध पाळला नाही, पण क्लबाचे व्यवस्थापक तोवर सारे कॅथलिकच होते. स्टीन प्रॉटेस्टंट होते आणि घरचा ओढा रेंजर्सकडे होता. सेल्टिकमध्ये गेल्यावर बर्नबँकमधील काही जुन्या मित्रांनी त्यांच्याशी बोलणे सोडले. या वैमनस्याचा स्टीन यांनी व्यावहारिक उपयोगही करून घेतला: सारख्या गुणवत्तेच्या दोन मुलांपैकी आपण आधी प्रॉटेस्टंट मुलाला करारबद्ध करू, कारण दुसऱ्याला रेंजर्स घेणारच नाही, असे ते सांगत. मात्र या द्वेषाचा त्यांना मनापासून तिटकारा होता. १९७२ मध्ये स्टर्लिंग येथील एका सामन्यात स्वतःच्याच समर्थकांनी पंथीय गाणी सुरू केली तेव्हा ते थेट गर्दीत शिरून त्यांना गप्प करून आले. आणि २ जानेवारी १९७१ रोजी रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानात, सेल्टिकविरुद्धच्या सामन्याच्या अखेरीस जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा जखमींना हलवण्यासाठी धावलेल्यांत ते होते.

मार्च १९६० मध्ये स्टीन फाइफ परगण्यातील डन्फर्मलिन अॅथलेटिक या क्लबाचे व्यवस्थापक झाले. हाही खाणींचाच मुलूख. क्लब खालच्या गटात घसरण्याच्या बेतात होता; राहिलेले सहाही सामने जिंकून त्यांनी तो वाचवला, आणि त्यांतला पहिला विजय नेमका सेल्टिकविरुद्ध होता. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६१ मध्ये, स्कॉटिश चषकाच्या अंतिम फेरीत हे दोन क्लब पुन्हा समोरासमोर आले. पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटल्यावर फेरसामन्यात डन्फर्मलिनने सेल्टिकला २-० असे हरवले. सेल्टिकने ज्याला वरची जागा नाकारली, त्यानेच त्यांच्या हातून चषक काढून घेतला, आणि ही गोष्ट अध्यक्ष केली यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

डन्फर्मलिनची चार वर्षे अभ्यासकांकडून अनेकदा प्रस्तावनेसारखी दोन ओळींत आटोपली जातात, ते योग्य नाही; स्टीन यांची पद्धत तेथेच पक्की झाली. युरोपातील क्लबांशी खेळण्याचा अनुभव त्यांना तेथे मिळाला. व्यापारी जत्रा भरवणाऱ्या शहरांच्या संघांसाठी सुरू झालेल्या ‘फेअर्स कप’ स्पर्धेत त्यांच्या संघाने १९६२ मध्ये एव्हर्टनसारख्या श्रीमंत इंग्लिश क्लबाला बाद केले; त्यानंतर स्पेनच्या व्हॅलेन्सियाकडून बाहेर ०-४ हरल्यावर घरच्या मैदानावर ६-२ असा विजय मिळवून बरोबरी साधली, आणि निर्णायक सामना एका गोलने गमावला. तो सामना लिस्बनमध्ये झाला होता. १९६३ मध्ये स्टीन आणि किल्मार्नॉकचे व्यवस्थापक विली वॅडेल एका वृत्तपत्राच्या साहाय्याने इटलीला गेले आणि इंटर मिलानचे प्रशिक्षक हेलेनियो हेरेरा यांचा सराव त्यांनी जवळून पाहिला. हेरेरा यांची शिस्त आणि तपशीलांची तयारी स्टीन यांनी उचलली, खेळाविषयीची सावध वृत्ती मात्र उचलली नाही. एप्रिल १९६४ मध्ये ते एडिनबराच्या हिबर्नियनकडे गेले. तेथे वर्षभराच्या आत एक लहान स्पर्धा जिंकली आणि रेआल माद्रिदला मैत्रीपूर्ण सामन्यात हरवले.

१९५७ च्या ऑक्टोबरात रेंजर्सला लीग कपच्या अंतिम सामन्यात ७-१ असे हरवल्यानंतर सेल्टिकने सात वर्षांहून अधिक काळ एकही मोठी स्पर्धा जिंकली नव्हती. १९६५ च्या जानेवारीत केली यांनी स्टीन यांना परत बोलावण्याचे ठरवले. आरंभी त्यांना पूर्ण अधिकाराचे पद देण्याची केली यांची तयारी नव्हती. परंतु संघनिवडीचा संपूर्ण अधिकार आपल्याकडे असेल तरच येऊ, या अटीवर स्टीन अढळ राहिले आणि ती अट मान्य झाली. स्कॉटिश फुटबॉलच्या इतिहासात या अटीचे महत्त्व कोणत्याही चषकाइतके आहे, कारण संचालकाच्या हातातून संघ काढून घेऊन तो प्रशिक्षकाच्या हाती देण्याचा व्यवहार तेथे एका मोठ्या क्लबात उघडपणे पुरा झाला. मार्चमध्ये स्टीन रुजू झाले. क्लबाचे ते केवळ चौथे व्यवस्थापक होते आणि पहिले प्रॉटेस्टंट. २४ एप्रिल रोजी सेल्टिकने स्कॉटिश चषक जिंकला. अंतिम सामन्यात समोर त्यांचेच जुने डन्फर्मलिन होते, आणि ३-२ असा निर्णायक गोल मॅकनीलने डोक्याने केला.

स्टीन यांनी मोठ्या रकमा खर्चून नवा संघ विकत आणला नाही. जे खेळाडू क्लबात होते, त्यांपैकी कोण चुकीच्या जागी उभा आहे हे त्यांनी ओळखले. आघाडीच्या फळीत चाचपडणाऱ्या मरडॉकला त्यांनी मागे मधल्या फळीत आणले, आणि लांब व अचूक पास देणारा तो संघाचा सूत्रधार झाला. डाव्या बगलेवरून खेळणाऱ्या बर्टी ऑल्डलाही आत मध्यभागी आणून त्यांनी मरडॉकची जोडी लावली. टॉमी गेमेल या बचावपटूला मैदानाच्या कडेने पुढे चढाई करण्याची मोकळीक दिली, जी त्या काळी बचावपटूला सहसा मिळत नसे. गोलरक्षक रॉनी सिम्पसनची गोष्ट तर विलक्षण आहे: हिबर्नियनमध्ये असताना स्टीन यांनीच त्याला उताराला लागलेला समजून सेल्टिकला विकले होते, आणि सेल्टिकमध्ये आल्यावर तो त्यांना पुन्हा भेटला तेव्हा पस्तिशीच्या आसपासच्या या माणसाला त्यांनी मुख्य गोलरक्षक केले. आधीचे मत चुकले असेल तर ते सोडून द्यायला त्यांना संकोच वाटत नसे.

खेळाडूंच्या स्वभावाचा अभ्यास हा त्यांच्या कामाचा दुसरा भाग होता. उजव्या बगलेवरून खेळणारा जिमी जॉनस्टन हा अलौकिक कौशल्याचा, पण बेशिस्त आणि मनाने हळवा माणूस. त्याला विमानप्रवासाची पराकाष्ठेची भीती वाटे. नोव्हेंबर १९६८ मध्ये बेलग्रेडच्या रेड स्टारविरुद्ध घरच्या मैदानावरील सामन्यात मध्यंतराला १-१ अशी बरोबरी होती. चार गोलांच्या फरकाने जिंकलो तर परतीच्या सामन्याला तुला विमानात बसावे लागणार नाही, असे वचन स्टीन यांनी त्याला दिले. सेल्टिकने सामना ५-१ असा जिंकला आणि जॉनस्टनने त्यात दोन गोल केले. हाच माणूस चुकला तर स्टीन त्याला सर्वांसमोर फैलावर घेत. ते स्वतः दारूला स्पर्श करत नसत आणि खेळाडूंच्या पिण्यावर कडक नजर ठेवत. घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याचा नाद मात्र त्यांना स्वतःला होता. त्यांच्या धाकाचे आणि मायेचे वर्णन त्यांच्या खेळाडूंनी सारख्याच उत्कटतेने केले आहे. कामगार वस्तीतून आलेल्या मुलांना काय बोलले म्हणजे लागते आणि काय बोलले म्हणजे उभारी येते, हे त्यांना उपजतच ठाऊक होते, कारण ते स्वतः त्यांच्यातलेच होते.

१९६६-६७ च्या हंगामात सेल्टिक ज्या ज्या स्पर्धेत उतरला ती प्रत्येक स्पर्धा त्याने जिंकली: स्कॉटिश साखळी, स्कॉटिश चषक, लीग कप, ग्लासगो कप आणि युरोपियन कप. शेवटची स्पर्धा म्हणजे युरोपातील देशोदेशीच्या विजेत्या क्लबांची, १९५५ मध्ये सुरू झालेली आणि तोवर स्पेन, पोर्तुगाल व इटली यांच्याबाहेर कधीही न गेलेली. झ्युरिक आणि नांत यांना हरवल्यावर उपान्त्यपूर्व फेरीत युगोस्लाव्हियाच्या व्होय्वोदिनाविरुद्ध मॅकनीलच्या अखेरच्या क्षणीच्या गोलने सेल्टिक तरला. उपान्त्य फेरीत चेकोस्लोव्हाकियाच्या दुक्ला प्रागला घरी ३-१ असे हरवल्यावर परतीच्या सामन्यात स्टीन यांनी आपल्या तत्त्वाला मुरड घालून संघाला पूर्ण बचावात्मक खेळवले आणि बरोबरी साधली. हे त्यांना नंतर खटकत राहिले.

अंतिम सामना २५ मे १९६७ रोजी लिस्बनच्या राष्ट्रीय मैदानावर इंटर मिलानशी झाला. १९६४ आणि १९६५ असा लागोपाठ दोनदा हा चषक जिंकलेल्या इंटरची ख्याती हेरेरा यांच्या ‘कातेनाच्चो’ पद्धतीसाठी होती. या पद्धतीत प्रतिपक्षाच्या प्रत्येक आघाडीपटूवर एकेक पहारेकरी ठेवला जाई, त्यांच्या मागे एक मोकळा बचावपटू राहून निसटलेला चेंडू अडवी, आणि एखादा गोल मिळाला की सारा संघ तो राखण्यासाठी मागे सरके. सातव्या मिनिटाला सांद्रो मात्सोलाने पेनल्टीवर गोल केल्यावर इंटरला हवी तशी परिस्थिती निर्माण झाली. स्टीन यांची योजना याच पद्धतीचा दोष हेरून आखलेली होती. पहारेकरी माणसामागे जातो, जागेमागे नाही. तेव्हा बगलेवरच्या खेळाडूंनी आत सरकून आपापले पहारेकरी ओढून न्यायचे, मोकळ्या झालेल्या कडेने गेमेल आणि जिम क्रेग या बचावपटूंनी चढायचे, आणि चेंडू गोलसमोरच्या गर्दीत उंच न टाकता मागून धावत येणाऱ्याकडे जमिनीलगत परत द्यायचा. तासभर हल्ल्यांमागून हल्ले झाले, दोनदा चेंडू गोलचौकटीला लागून परतला, गोलरक्षक जुलियानो सार्तीने असामान्य अडवणूक केली. ६३ व्या मिनिटाला उजवीकडून चढलेल्या क्रेगने चेंडू आत मागे दिला आणि डावीकडून आलेल्या गेमेलने तो सुमारे वीस यार्डांवरून जाळ्यात मारला: एका बचावपटूने दुसऱ्या बचावपटूला दिलेल्या पासवर झालेला हा गोल. सामना संपायला पाच-सहा मिनिटे असताना मरडॉकच्या फटक्याची दिशा बदलून स्टीव्ही चामर्सने दुसरा गोल केला. इंटरचा मध्यरक्षक लुईस सुआरेस दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता हे खरे. तरीही त्या दिवशीच्या खेळातील तफावत एका खेळाडूने भरून निघाली असती असे म्हणता येत नाही.

युरोपियन कप जिंकणारा हा ब्रिटनमधील पहिला क्लब, आणि त्या संघातील अकराही खेळाडू सेल्टिकच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. हे योगायोगाने झाले नव्हते, तसे ते निव्वळ भूमिप्रेमातूनही झाले नव्हते. दाट कामगार वस्ती, गल्लीत चेंडू खेळणारी हजारो मुले, शाळांच्या आणि कनिष्ठ संघांच्या स्पर्धांचे जाळे व बाहेरून महागडे खेळाडू आणण्याची क्लबाची नाखुशी, अशा अनेक कारणांनी ती सामग्री त्या टापूत साठलेली होती. तिला आकार देणारा माणूस १९६५ मध्ये मिळाला.

त्यानंतरची वर्षे यशाची असली तरी एकसारखी उजळ नाहीत. १९६७ च्या शरद ऋतूत अर्जेंटिनाच्या रेसिंग क्लबाविरुद्धची जागतिक क्लब विजेतेपदाची लढत हिंसक खेळाने बदनाम झाली आणि माँटेव्हिडिओतील तिसऱ्या सामन्यात सेल्टिकचे अनेक खेळाडू बाहेर काढले गेले. १९७० मध्ये सेल्टिक पुन्हा युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला; उपान्त्य फेरीत लीड्स युनायटेडविरुद्धचा ग्लासगोतील सामना पाहायला हॅम्पडन पार्कवर १,३६,५०५ प्रेक्षक होते. मात्र मिलानमधील अंतिम सामन्यात, एर्न्स्ट हॅपल यांच्या मार्गदर्शनाखालील नेदरलँड्सच्या फेयेनूर्डने त्यांना जादा वेळेत २-१ असे हरवले. प्रतिस्पर्ध्याला कमी लेखण्याची चूक स्टीन यांच्याकडून त्या वेळी झाली, हे मत त्यांचे चाहतेही मान्य करतात. स्कॉटलंडमध्ये मात्र १९६६ पासून १९७४ पर्यंत सलग नऊ वेळा साखळी स्पर्धा सेल्टिकनेच जिंकली, आणि राखीव संघातून केनी डलग्लिश, डॅनी मॅकग्रेन, डेव्हिड हे, लू मकारी अशी दुसरी पिढी तयार झाली. परंतु सेल्टिकचे वेतन इंग्लंडच्या मानाने तुटपुंजे होते. मकारी १९७३ मध्ये आणि डलग्लिश १९७७ मध्ये इंग्लंडला गेले. ज्या काटकसरीमुळे स्थानिक मुलांना संधी मिळाली, त्याच काटकसरीने ती मुले मोठी झाल्यावर गमावली.

जुलै १९७५ मध्ये सुटीवरून परतताना स्टीन यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला. ते वाचले, पण वर्षभर कामापासून दूर राहावे लागले, आणि परतले ते पूर्वीच्या जोमाने नव्हे. १९७७ मध्ये साखळी आणि चषक अशी दोन्ही विजेतेपदे पुन्हा मिळाली. पुढच्या वर्षी संघ घसरला आणि त्यांच्या जागी मॅकनील आले. सेल्टिकमधील त्यांच्या नावावर दहा साखळी विजेतेपदे, आठ स्कॉटिश चषक, सहा लीग कप आणि एक युरोपियन कप होता. अशा माणसाला क्लबाने संचालकपद देऊ केले, पण त्यासोबतचे काम मुख्यतः निधी उभारणीच्या व्यापारी बाजूचे असणार होते. ज्याने व्यवस्थापकाला कार्यालयातून मैदानावर नेले, त्यालाच अखेर कार्यालयात बसवण्याचा हा प्रकार होता, आणि तो क्लबाच्या इतिहासातील शोभादायक प्रसंग नाही. स्टीन ऑगस्ट १९७८ मध्ये लीड्सला गेले, आणि दीड महिन्याच्या आत स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचे पद स्वीकारून परतले.

१९७८ च्या अर्जेंटिनातील विश्वचषकात अवाजवी अपेक्षांनंतर झालेल्या नाचक्कीतून सावरण्याचे काम त्यांनी शांतपणे केले. १९८२ च्या स्पेनमधील विश्वचषकात स्कॉटलंडने न्यूझीलंडला ५-२ असे हरवले, ब्राझीलकडून १-४ अशी हार पत्करली, सोव्हिएत संघाशी २-२ अशी बरोबरी केली आणि गोलफरकाच्या आधारे स्पर्धेबाहेर गेला. १९८४-८५ मध्ये ब्रिटनमधील खाणकामगारांचा वर्षभराचा संप चालू होता तेव्हा स्टीन उघडपणे संपकऱ्यांच्या बाजूने होते आणि त्यांच्यासाठी निधी गोळा करणाऱ्यांना आवर्जून पैसे देत.

१० सप्टेंबर १९८५ रोजी कार्डिफच्या निनियन पार्कवर वेल्सविरुद्ध विश्वचषक पात्रता सामना होता, आणि पात्रतेच्या पुढच्या टप्प्यासाठी स्कॉटलंडला बरोबरी पुरेशी होती. वेल्सने आघाडी घेतली. ८१ व्या मिनिटाला डेव्ही कूपरने पेनल्टीवर गोल करून बरोबरी साधली. सामना संपत असताना स्टीन बाजूच्या बाकाजवळ कोसळले आणि मैदानातील वैद्यकीय कक्षात त्यांचा मृत्यू झाला. ते ६२ वर्षांचे होते व हृदयविकाराने आजारी होते.

त्यांचे त्या वेळचे सहायक अॅलेक्स फर्ग्युसन यांनी उरलेला प्रवास पूर्ण करून संघाला १९८६ च्या मेक्सिकोतील विश्वचषकाला नेले. फर्ग्युसन हे ग्लासगोच्या गोदी-वस्तीतले. १९८३ मध्ये त्यांच्या अॅबर्डीन संघाने रेआल माद्रिदला हरवून युरोपियन कप विनर्स कप जिंकला, तेव्हा स्टीन पाहुणे म्हणून त्यांच्यासोबत होते आणि डावपेचांपासून प्रतिपक्षाच्या प्रशिक्षकाला द्यायच्या भेटीपर्यंत सल्ला देत होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेडला गेले आणि २०१३ पर्यंत तेथे राहिले. स्टीन यांच्याकडून शिकलेल्या गोष्टींचा उल्लेख ते सातत्याने करत आले आहेत. व्यवस्थापकाचा पेशा अशा रीतीने पुढच्या हातात गेला. ज्या भूमीतून तो उगवला तिचे मात्र तसे झाले नाही: लॅनार्कशरच्या खाणी एकेक करून बंद झाल्या, १९९२ मध्ये मदरवेलजवळचा रेव्हन्सक्रेग पोलाद कारखानाही थंडावला, आणि १९९५ च्या बॉसमन निकालाने युरोपीय देशांतील खेळाडूंच्या ये-जा करण्यावरील बंधने उठल्यावर लिस्बनसारखा, तीस मैलांच्या परिघात जन्मलेला संघ उभा करण्याची गरज आणि शक्यता दोन्ही संपल्या. १९७० नंतर स्कॉटलंडचा एकही क्लब युरोपियन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेला नाही.